सात ओळी आणि तीन फोन

तनय झोपला की उल्काचा दिवस उजाडायचा, आणि तो उजाडायचा दुपारी दीडला. साडेसात महिन्यांच्या त्या गृहस्थांनी आईला दिलेली मुदत तीनपर्यंतची. तेवढ्यात जेवायचं, पाठ टेकायची, नाहीतर कॉम्प्युटरसमोर बसायचं. सोमवारी उल्काने जेवण पुढे ढकललं, फोनच्या तारेवरून कॉम्प्युटरला बाहेरच्या जगाशी जोडणारा मोडेम चालू केला आणि त्याच्यावर तनयची गोधडी टाकली. गोधडीखालून मोडेम किंचाळू लागला. पाळण्यात मात्र हूं की चूं नाही. पहिल्या आठवड्यात या आवाजाने दचकून उठणारं पोर आता याच आवाजावर शांत झोपायला शिकलं होतं. अंगाई कुणाच्या नशिबी कुठली असेल, सांगता येत नाही.

उल्काला परदेशी पाठवायच्या होत्या सात ओळी.

त्याचं असं झालं. तनयच्या औषधाची वेळ चुकू नये म्हणून तिने कॉम्प्युटरवर आठवण देणारा एक छोटा प्रोग्राम घातला होता. तो रोज अर्धा तास उशिरा वाजायचा. दुकानातून आणलेला प्रोग्राम असता तर तिने कंपनीला दोन शिव्या हासडल्या असत्या आणि गप्प बसली असती. पण हा नॉर्वेच्या कुणा ओलाफने लिहून सगळ्यांसाठी मोकळा ठेवलेला प्रोग्राम होता. स्वेटर द्यावा आणि सोबत त्याची वीणही लिहून द्यावी, तसा. ज्याला चूक दिसेल त्याने उसवावं, नीट करावं आणि नीट केलेलं पुन्हा सगळ्यांना द्यावं. तीन दुपारी उसवल्यावर उल्काला चुकलेला टाका सापडला. जगातली घड्याळं एकमेकांपासून पूर्ण तासांनीच लांब असतात, अशी ओलाफची समजूत होती. साडेपाच तास हा प्रकार बिचाऱ्याच्या गावीही नव्हता. साठ-सत्तर कोटी... छे, नव्वद कोटी माणसांचा अर्धा तास त्याने सहज खाऊन टाकला होता!

तिने कळवलं, तर उलट टपाली उत्तर आलं, "शुक्रवारी नवी आवृत्ती निघते आहे. त्याआधी दुरुस्ती पाठवलीत तर तुमच्या नावानिशी घेतो."

तुमच्या नावानिशी. वर्षभरापूर्वी उल्काच्या नावाची पाटी ऑफिसच्या टेबलावर होती. तनय झाल्यापासून ती "घरीच असते" या पदावर काम करत होती. तेव्हा हे शब्द तिने चारदा वाचले.

सोमवारी पत्र लिहून होत आलं आणि कट् करून लाइन तुटली. लिहिलेलं सगळं गेलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा तुटली. मंगळवारी पहिल्यांदा तुटली तेव्हा तिने देवाला दोष दिला. दुसऱ्यांदा तुटली तेव्हा रिसीव्हर उचलून कानाला लावला. आत कुणीतरी श्वास घेत होतं. आणि मग कुकरची शिट्टी झाली. एक रिसीव्हरमध्ये आणि तीच, त्याच क्षणी, पायाखालच्या फरशीतून.

"हॅलो?" उल्का म्हणाली.

फोन ठेवल्याचा आवाज आला.

बेंगळूरच्या इंदिरानगरातल्या त्या घरात फोनची लाइन एकच आणि तोंडं तीन. खाली हॉलमध्ये घरमालक हंबीररावांचा फोन, स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नी सकवारबाईंचा, कारण बाईंचे गुडघे दुखायचे, आणि वर भाडेकरूंचा. नवा नंबर मिळायला वर्ष दोन वर्षं लागत, म्हणून ही सोय. पण मोडेम चालू असताना तिघांपैकी कुठलाही फोन उचलला की त्याची लाइन तुटायची. हंबीररावांचं घराणं तीन-चारशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलेलं, म्हणून घरच्या मराठीत कानडी मुरलेली, आणि ते स्वतः छत्तीस वर्षं तार ऑफिसात मास्तर होते. अर्ध्या बेंगळूरचे जन्म-मृत्यू त्यांच्या बोटांखालून गेलेले. अख्खी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची आणि सकवारबाईंना अक्का.

उल्का तनयच्या पाळण्याकडे एक डोळा ठेवून अर्धा जिना उतरली.

"अण्णा, माझी लाइन चालू असताना फोन कुणी उचलला का हो?"

हंबीररावांनी हातातली वही झटकन उशीखाली सारली. "फोन? नाही बा. कशाला उचलू?"

"सरी, बरं," आतून सकवारबाई म्हणाल्या, "आमच्याकडं कोण उचलतंय? तू ये गं, उप्पीट खा."

बुधवारी लाइन पाचव्यांदा तुटली.

"जाऊ दे ना," संध्याकाळी शंतनु म्हणाला. तो बूट काढत होता आणि तनय त्याच्या सॉक्सवर झडप घालत होता. "मी ऑफिसमधून पाठवतो. दोन मिनिटांचं काम."

"नको. ऑफिसातून गेलं की ऑफिसचं होतं. उद्या तुझा साहेब म्हणेल, सात ओळी आमच्या मालकीच्या."

"मग अण्णांशी भांडणार? घर सोडायला लावलं तर? इथं पाळण्याला हुक आहे, समोर बाग आहे..."

"शंतनु, माझं पत्र आहे. माझ्या घरातून, माझ्या नावाने जाईल. आणि कुणीही ते कान लावून ऐकणार नाही. मग हुक असो की नसो."

शंतनुने सॉक्स सोडवून घेतला. बायकोच्या आवाजात ही धार आली की आपण दुसऱ्या खोलीत असलेलं बरं, हे त्याला दोन वर्षांच्या संसारात उमगलं होतं.

गुरुवारी सकाळी दारावर टकटक झाली. दारात हेड कॉन्स्टेबल रघुजी, हंबीररावांचा सख्खा भाचा, टोपी काखेत. त्याच्या मागे हंबीरराव, वही छातीशी धरून. त्यांच्या मागे जिन्यावर सकवारबाई, हात पिठाचे.

"ताई, ते मशीन स्वल्प दाखवता का?" रघुजी म्हणाला. त्याला स्वतःलाच ओशाळल्यासारखं झालं होतं. "मामा म्हणतात, परदेशात काहीतरी जातंय."

"जातंय कुठलं! तीन दिवस जात नाहीये, तेच तर दुखणं आहे."

"पण आहे काय त्यात?"

"सात ओळी. शनिवारपासून जगात कुणालाही फुकट वाचता येतील. तुम्हालाही."

"मग आजच दाखवा की."

"आज ते माझं पत्र आहे. बघायचं असेल तर लेखी हुकूम आणा."

रघुजीने टोपी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. "अय्यो! जगाला फुकट, आणि पोलिसाला हुकूम?"

"जगाला मी देते आहे. तुम्ही घ्यायला आला आहात. एवढाच फरक."

कडेवरच्या तनयने रघुजीच्या शिट्टीची दोरी पकडली आणि तोंडात घातली. रघुजीला ती ओढून घेता येईना.

"लपवण्यासारखं नसेल तर घाबरायचं कशाला?" हंबीरराव मागून कडाडले.

"अण्णा, घाबरले असते तर केव्हाच दाखवलं असतं. लपवण्यासारखं काही नाही, म्हणूनच तर अडून बसले आहे."

हे वाक्य हंबीररावांनी तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून पाहिलं. ते कुठूनच पकडता येईना.

"सरी मामा," रघुजी म्हणाला. "ताई कायद्याचं बोलतात. तुम्ही लेखी तक्रार द्या, मी वर पाठवतो." त्याने डाव्या हाताने कागद काढला, कारण उजवीकडची दोरी अजून तनयच्या ताब्यात होती. "हं, सांगा. तुम्हाला संशय कशावरून आला?"

"कशावरून म्हणजे? आवाजावरून! कसली भाषा ती? ना कन्नड, ना इंग्रजी, ना मराठी. आधी टीं टीं, मग नुसती खरखर." त्यांनी वही उघडली. पान भरून तारेच्या लिपीतली टिंबं आणि रेघा. "मिनिटाला तीस शब्द घेणारा माणूस मी. पाच अक्षरं लागली आणि पुढं हात पुरेना. माझा हात पुरत नाही म्हणजे हे साधं प्रकरण असेल?"

"बरोबर. पण आवाज तुम्हाला ऐकू कसा आला?"

"फोनमधून."

"फोन कुणी केलेला?"

"हिनं."

"आणि उचलला?"

हंबीररावांनी जिन्याच्या कठड्याकडे पाहिलं.

"लिही, रघू, लिही," सकवारबाई म्हणाल्या. "मामांनी उचलला म्हणून लिही!"

"कलम कुठलं लावू, मामा? तुम्हाला सगळं पाठ असेल."

पाठ असलेली गोष्ट कुणी विचारली की हंबीररावांची छाती आपोआप पुढे यायची. ती आली. "तारेवरून जाणारा दुसऱ्याचा मजकूर," ते खड्या आवाजात म्हणाले, "परवानगीवाचून ऐकणे, अडवणे किंवा त्याचा अर्थ जाणून घेण्याचा यत्न करणे, हा..." आवाज एक पायरी उतरला. "...हा..." आणखी एक उतरला.

"हा काय, मामा?"

"गुन्हा," हंबीरराव पुटपुटले.

रघुजीने लिहिलेलं वाचून दाखवलं. तक्रारदाराचं नाव होतं हंबीरराव, गुन्हा करणाऱ्याचंही नाव हंबीरराव, आणि साक्षीदार सकवारबाई. त्याने कागदाची घडी करून अदबीने मामांच्या वहीत ठेवली.

"मी दोनदाच उचलला," हंबीरराव म्हणाले.

"पाचदा तुटली लाइन," उल्का म्हणाली.

"दोनदा! शपथेवर सांगतो. मंगळवारी एकदा, काल एकदा."

"ऐका! दोनदाच म्हणे!" सकवारबाई म्हणाल्या, आणि कुकर लावायचा राहिला म्हणून लगबगीने खाली गेल्या. गुडघे दुखत असूनही.

हंबीरराव जिन्यातच बसले. "छत्तीस वर्षं नोकरी केली. रुजू होतानाच शपथ घेतली होती. कुणाच्या घरी कसली तार आली, कधी ब्र काढला नाही. सख्ख्या बायकोलासुद्धा सांगितलं नाही. आणि आज मी चोर?"

उल्काने आवाज खाली आणला. तरी ती म्हणाली, "तेव्हा ऐकणं ही तुमची नोकरी होती, अण्णा. लोकांनी विश्वासाने तुमच्या हातात दिलेलं होतं. मी काही दिलं नव्हतं."

हंबीररावांनी वही मिटली. मग त्यांनी विचारलं, "गोत्तिल्ल गं मला, मशीनचं काही कळत नाही. पण आहे तरी काय त्या सात ओळींत? सांगू नकोस हवं तर."

त्यांनी मागितलं नव्हतं, विचारलं होतं. म्हणून तिने सांगितलं. साडेपाच तास, ओलाफ, हरवलेला अर्धा तास. ऐकता ऐकता म्हातारा ताठ झाला.

"तिकडच्यांना हा अर्धा तास कधी पचलाच नाही!" ते म्हणाले. "परदेशची तार आली की वेळेचा घोळ ठरलेला. छत्तीस वर्षं मी पेन्सिलीनं तीस मिनिटं मिळवत होतो. आणि तू ते कायमचं मिटवणार? उद्या कधी बसतेस?"

"दीडला."

"दीड ते तीन लाइन माझ्याकडं."

शुक्रवारी दीडला हंबीरराव हॉलमधल्या फोनसमोर खुर्ची टाकून बसले. रिसीव्हरवर त्यांनी रुमाल पसरला होता आणि रुमालावर आपला चष्मा ठेवला होता, म्हणजे मोह झाला तरी आधी चष्मा उचलावा लागेल. शेजारीण फोन करायला आली, तिला हात जोडून परत पाठवलं. सकवारबाई त्या दिवशी बहिणीकडे अवरेकाईच्या शेंगा सोलायला हेब्बाळला गेल्या होत्या. वर गोधडीखाली मोडेम किंचाळला, तनयने झोपेत ओठ चोखले, आणि दोन वाजून सात मिनिटांनी सात ओळी गेल्या. कट् नाही की कुट् नाही. उल्का पाळण्याची दोरी धरून नुसती बसून राहिली. जेवायचं होतं, ते ती विसरली.

शनिवारी उत्तर आलं. नव्या आवृत्तीच्या आभाराच्या यादीत लिहिलं होतं, "उल्का, बेंगळूर. हरवलेला अर्धा तास शोधून दिल्याबद्दल." आणि खाली, तिच्याच सांगण्यावरून, आणखी एक ओळ होती, "हंबीरराव, बेंगळूर. लाइन सांभाळल्याबद्दल."

हंबीररावांनी ती पडद्यावर बोट ठेवून वाचली. "हे आता उघडं आहे?"

"अगदी उघडं."

"म्हणजे सांगितलं तर चालेल?"

"कुणालाही."

छत्तीस वर्षांचं मौन त्या दिवशी सुटलं. दूधवाला, इस्त्रीवाला, बागेत फिरणारे रिटायर्ड लोक, कुणाची सुटका झाली नाही. रघुजीला तर त्यांनी ठाण्यावर फोन करून सांगितलं.

रविवारी सकाळी पुण्याहून उल्काच्या आईचा फोन आला. हंबीरराव तेव्हा वरच होते. तनयला मांडीवर घेऊन ते त्याच्या पायावर बोटाने टिंबं आणि रेघा वाजवत होते, आणि तनय खिदळत होता. उल्का आईला सगळी हकीगत रंगवून सांगत होती, तेवढ्यात फोनमध्ये बारीक कट् झालं.

सवयीने तिच्या तोंडून निघालं, "अण्णा, फोन ठेवा."

"मी इथं आहे," मागून हंबीरराव म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. फोनमध्ये कुकरची शिट्टी झाली.

"अक्का?" उल्का म्हणाली.

पलीकडून एक सुस्कारा आला. "काय करू गं? छत्तीस वर्षं ह्यांनी मला कुणाचं काही सांगितलं नाही. पोट फुगतं माणसाचं! बरं, आता उचललाच आहे तर आईंना विचार, मेतकुटात डाळं किती घालतात?"

"अहो, एक वाटी..." आई पुण्याहून उत्साहाने सांगू लागली.

"आई, थांब." उल्काचं हसू आवरत नव्हतं, पण आवाज गुरुवारचाच होता. "अक्का, मेतकूट मी तुम्हाला लेखी देते. गल्लीत वाटा, हेब्बाळला न्या, हवं ते करा. पण आधी फोन ठेवा."

"सरी, सरी." कट्.

हंबीररावांनी तनयला छातीशी घेतलं आणि दोन बोटं, सगळ्या जगाला दिसतील अशी, हवेत वर केली.

"दोनदा," ते म्हणाले. "शपथेवर सांगत होतो."