किरणं कुठवर आली?

"किरणं कुठवर आली आज?" पूर्णिमा उंबरा ओलांडायच्या आत तिच्या सासूबाई, तानाबाई, विचारायच्या.

किरणोत्सवात मावळतीची किरणं देवीच्या पायांशीच थांबली की मुखापर्यंत पोचली, यावर अख्खं कोल्हापूर बोलतं. पीएच.डी. होऊनही सून अजून प्रयोगशाळेत तसलंच काहीतरी करते, असा सासूबाईंचा समज. खरं तर लेसरचा झोत रंगाच्या द्रावणावर सोडायचा आणि पापणी लवायच्या कितीतरी आधी त्याच्या रेणूंचं काय होतं ते टिपायचं, हे तिचं काम. पण तीन महिने पडद्यावर नुसती सरळ रेघ. शुक्रवारी प्रयोगशाळेचे प्रमुख विजयसिंह सर बघायला येणार होते. तेव्हाही रेघच दिसली, तर नोकरी संपली.

नेमक्या त्याच शुक्रवारी तानाबाई उपासाचा डबा आणि देवीचं हळदीकुंकू घेऊन हजर!

"आत्या, चपला बाहेर. हा चष्मा लावा. आणि कशाला हात लावू नका."

"व्हय की. सोवळं कळतंय मला."

आत गाभाऱ्यासारखा अंधार, आणि एक बारीक किरण नेमका द्रावणाच्या चिमुकल्या काचेच्या डबीवर. तानाबाईंचे हात आपसूक जुळले. पूर्णिमा झोत बंद करून सरांना घ्यायला दारापर्यंत गेली.

परत येऊन झोत सोडला, तर पडद्यावर हा डोंगर!

"शाब्बास!" सर ओरडले. पूर्णिमाचे डोळे भरून आले. त्या भरल्या डोळ्यांनाच डबीवरचं पिवळं बोट दिसलं.

"आत्या, हे काय?"

"हळद. कुंकू ऱ्हायलं, तेवढ्यात तुमी आलासा."

डबी पुसली. डोंगर गेला, रेघ आली. धरणीनं पोटात घ्यावं असं पूर्णिमाला झालं. सर मात्र हसायला लागले.

"अगं, तीन महिने आपण यंत्राला शिव्या घालतोय! हळद दिसली, म्हणजे यंत्र ठणठणीत हाय. तुझा रंगच विटलाय की! आता हळदीवर काम कर, मुदत वाढवतो. काकू, वाटीभर हळद पाठवा. नुसती हळद."

"नुसती हळद, सवाष्णीच्या हाती? न्हाय जमायचं, पावणं!"

म्हणून सोमवारी पहिला नमुना हळद, दुसरा कुंकू. तानाबाई चपला काढून, हात पाठीमागे बांधून दारात उभ्या.

"आली का गं?"

"मुखापर्यंत, आत्या."