दहा चित्रांचं लॅमिनेशन

माहेनूरने घरात जाहीर करून टाकलं होतं, या प्रवेशात चूक व्हायला जागाच नाही! वय एकतीस, पण चित्रकलेच्या कॉलेजला वयाची अट नव्हती. फॉर्म बिनचूक भरला होता. मुलाखतीला फक्त कोळशाने काढलेली दहा चित्रं न्यायची होती, आणि ती फाइलमध्ये तयार होती. दहाही अब्बांची. मार्केट यार्डातून कितीही दमून आले तरी शमशुद्दीन तिच्यासमोर पुतळ्यासारखे बसायचे. त्यांना जाऊन आता सात महिने झाले होते.

मुलाखतीच्या दिवशी ती हाफ डे टाकून बिबवेवाडीला घरी आली, तर फाइल इस्त्रीच्या कपड्यांसारखी ऊबदार!

"अम्मी, हे काय?"

"लॅमिनेशन!" अख्तरबानू अभिमानाने म्हणाल्या. "तुझी मार्कशीट केली, रेशन कार्ड केलं, मग हीच उघडी ठेवायची? दुकानदार म्हणाला, आता पाण्यात टाका, काही होणार नाही."

"अगं, कोळसा सगळा फासला गेला ना!"

"ते परत बसणार आहेत का तुझ्यासमोर? म्हणून पक्कं करून घेतलं."

माहेनूरने घड्याळ पाहिलं. वाद घालायला वेळ नव्हता. ती रिक्षात बसली. मागोमाग अम्मीही चढल्या, स्वतः समजावून सांगायला! सात महिन्यांत लॅमिनेशनच्या दुकानापलीकडे त्या कुठेही गेल्या नव्हत्या.

मुलाखत घ्यायला रंगराव सर होते. त्यांनी एकेक चकचकीत चित्र तिरकं केलं, उलटं केलं, खिडकीशी नेलं.

"दहा चित्रं म्हणता? मला दहाही ठिकाणी मीच दिसतोय. केस मात्र फार कमी काढलेत."

"सर, ते लॅमिनेशनमुळे..."

"ते कळलं. चित्र कळलं नाही. आत्ता काढून दाखवा. अर्धा तास. मॉडेल कोण?"

दारात अम्मी उभ्या होत्याच!

अब्बा तासभर पापणी हलवत नसत. अम्मींची हनुवटी दोन सेकंद एका जागी राहीना! "सर, चूक माझी आहे... नाक सांभाळून काढ गं... हा पंखा मोठा होत नाही का?"

"काकू, जरा गप्प बसता का?"

"बसले असते हो! पण ही पडली भिडस्त. हिच्या वतीनं बोलायचं कुणी?"

शेवटी माहेनूरने नाद सोडला आणि हलणारी हनुवटी हलतीच काढली. हवेतला हात, वाक्याच्या मध्यावर उघडलेलं तोंड. सरांनी कागद हातात घेतला.

"आवरा हो यांना," ते कागदाकडे बघत म्हणाले. अम्मी तेव्हा चक्क गप्प होत्या!

दहा दिवसांनी कॉलेजातून फोन आला. माहेनूरने पहिल्याच रिंगला उचलला.

"अख्तरबानूंना देता का? वर्गाला दर मंगळवारी मॉडेल लागतं. जमेल का त्यांना?"

अम्मींनी फोन ओढून होकार दिला, दुपट्टा कोणता चालेल ते विचारलं, आणि मग आठवण होऊन म्हणाल्या, "आणि आमच्या मुलीचं काय झालं?"

"त्या आहेत की यादीत. सोमवारीच लावलीय वेबसाइटवर. पाहिली नाही?"

पाहिली होती. सोमवारपासून रोज, डोळे फोडून. पण माहेनूर पाहत होती ती मागच्या वर्षीची.