सुभेदारांचं चोंगचिंग

निकम सुभेदारांना वेळ विचारू नये, हे कराडात आमच्या गल्लीत राहायला आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कळतं. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ चीनच्या वेळेवर चालतं, म्हणजे आपल्यापेक्षा अडीच तास पुढं. एकदा सांगलीच्या गाडीला निघालेल्या एका बाईंनी त्यांना वाटेत वेळ विचारली, आणि गाडी केव्हाच गेली असं समजून बाई पिशवीसकट घरी परतल्या. मी सुभेदारांना हे सांगितलं तेव्हा ते जराही न हलता म्हणाले, "वेळ बरूबर व्हती, ताई. गाव चुकलं."

माझं स्टँडजवळ सहलींच्या बुकिंगचं छोटंसं ऑफिस आहे. येणारे लोक काशी मागतात, अष्टविनायक मागतात, ऊस चांगला गेला तर बँकॉक. सुभेदार सैन्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. एका सकाळी ते आले, खुर्ची पुढं केली तरी ताठ उभेच राहिले आणि म्हणाले, "चोंगचिंगला जायचंय. तीन दिवस. मी आन् मंडळी."

मी नाव पुन्हा विचारलं. त्यांनी भिंतीवरच्या नकाशात चीनच्या पोटात बोट टेकवलं. मला शहर ठाऊक नव्हतं, पण धंदा म्हणून मी बीजिंग, शांघाय आणि ती प्रसिद्ध भिंत अशी आठ दिवसांची सहल पुढं केली.

"भिंत बघून काय करायचंय?" सुभेदार म्हणाले. "सगळी नोकरी त्यांच्या भिंतीपाशीच गेली. मला एकच शहर पायजे."

तेव्हापासून त्यांची रेकी सुरू झाली. सैन्यात पुढच्या मुलखाची आधी टेहळणी करतात, तिला रेकी म्हणतात. "रेकी झाल्याबिगर पाऊल न्हाई," हे सुभेदारांचं ब्रीद. त्यांनी बाजारात वांगी घेतली तरी आधी एक फेरी रेकीची असते. चोंगचिंगची रेकी चार वर्षं चालली.

ते शहर डोंगरावर वसलेलं आहे, पायऱ्याच पायऱ्या आहेत, असं कळल्यावर त्यांनी पाठीला पिशवी लावून आगाशिवाचा डोंगर चढायला सुरुवात केली. तिकडं काड्यांनी जेवतात म्हणून ते घरी भडंग काड्यांनी खायला लागले. एकेक चुरमुरा उचलायचा, त्याच्याकडे बघायचं, मग तोंडात टाकायचा. "वाटीभर भडंगाला दुपार जाती," सुभेदारांच्या पत्नी लक्ष्मीकाकी सांगायच्या, "पर तेवढा वेळ गप बसत्यात, ते बरंय." काकींना शहराचं नाव कधी जमलं नाही. त्या त्याला 'ह्यांची चिंचणी' म्हणायच्या. त्यामुळे अर्ध्या गल्लीला वाटायचं की सुभेदार सांगली जिल्ह्यातच कुठंतरी जागा बघतायत.

भाषाही शिकले. चिनी भाषेत आभार मानायला 'शिएशिए' म्हणतात. सुभेदार एकदा आमच्याकडे पुरणपोळी जेवले, हात धुतला आणि माझ्या सासूबाईंना वाकून नमस्कार करत म्हणाले, "शिएशिए." सासूबाई त्यांच्याशी दिवाळीपर्यंत बोलल्या नाहीत.

पण दुपारी ऑफिसात गर्दी नसली, की त्यांचं बोलणं ऐकावं. समोरच्या खुर्चीत बसायचे, घड्याळाकडे बघायचे आणि आवाज आपोआप खाली यायचा. "तिकडं आता सांज झाली. धुकं उतरलं असंल. लय धुकं पडतंय तिथं. खालची घरं दिसत न्हाईत, नुसतं वरचे दिवे दिसत्यात, आकाशात टांगल्यागत. एकाच्या गच्चीवर दुसऱ्याचा रस्ता. आन् खाली नदीवर बोटी. भोंगा ऐकू येतोय, बोट दिसत न्हाई." मी कीबोर्डवरचा हात काढून घ्यायची. शिर्डीचं तिकीट काढायला आलेला माणूससुद्धा आपला नंबर विसरून ऐकत उभा राहायचा. स्टँडवरचा कंडक्टरांचा ओरडा लांब लांब जायचा, आणि मला खरंच वाटायचं की काचेबाहेर धुकं आहे.

त्या शहरात एक रेल्वे चक्क राहत्या इमारतीच्या पोटातून जाते. लोक ती बघायला लांबून येतात. मी मोठ्या उत्साहानं त्यांना तिचा व्हिडिओ दाखवला. सुभेदारांनी पूर्ण पाहिला. "आन् त्या घरच्यांनी दुपारचं झोपायचं कसं?" एवढंच विचारलं.

त्यांचा कार्यक्रम ठरलेला होता. शहरात दोन नद्या मिळतात. पहिला दिवस : संगमावर बसणे. दुसरा दिवस : संगमावर बसणे. तिसरा दिवस : तेच, मग विमान.

"काका, बसायला आपला कृष्णा-कोयनेचा संगम आहे की," मी म्हटलं.

"तिथं तर रोजच बसतोय," ते म्हणाले.

शेवटी गेल्या वर्षी योग आला. माजी सैनिक म्हणून जास्तीचे कागद लागले, फेऱ्या झाल्या, पण व्हिसा आला. मी तिकिटं काढली. काकींनी मेतकुटाचे आणि चटणीचे पुडे बांधले. आणि निघायच्या आठवड्यात सुभेदार ऑफिसात आले ते पहिल्यांदाच वाकून चालत. मागून काकी होत्या.

"तिकिटं रद्द करा, ताई."

"का? तब्येत?"

"तब्येत हाय बरी. रेकी अपुरी हाय."

"चार वर्षं अपुरी?" मी विचारलं. ते खुर्चीत बसले आणि टेबलाच्या कडेकडे बघत राहिले. मग जे कधीच कुणाला सांगितलं नव्हतं, ते बोलले. काकीसुद्धा ते तेव्हाच ऐकत होत्या.

ते तरुण असताना त्यांची पोस्ट चीनच्या हद्दीवर होती. मध्ये गोठलेला ओढा. ओढ्यापलीकडे एक चिनी शिपाई, रोज सुभेदारांच्याच वेळेला पहाऱ्यावर. बोलायची मनाई, आणि बोलले असते तरी कळणार काय. दोघं दिवसभर एकमेकांकडे बघत उभे. "घरच्या माणसाकडं बी एवढं बघितलं न्हाई मी," सुभेदार म्हणाले.

एके दिवशी त्या शिपायानं काठीनं बर्फात दोन लांब रेघा ओढल्या, एका ठिकाणी मिळवल्या, तिथं काठी रोवली आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला. दोन नद्या. तिथं घर.

"मी बी माझ्या बाजूला तसंच काढलं. कृष्णा, कोयना आन् मधी कराड. तो हसला. त्याला वाटलं, मी त्याचीच नक्कल करतोय. मग मी बी छातीवर हात ठिवला, तवा त्याला उमगलं. मग हसायचा थांबला."

पुढं तो रोज सकाळी हात वर करायचा. मग एका सकाळी त्याच्या जागी दुसराच उभा होता. तो हात वर करत नव्हता.

"शहर चोंगचिंगच कशावरून?" मी हळूच विचारलं. "दोन नद्यांची गावं तिकडं पुष्कळ असतील."

"असतील की. मी टीव्हीवर हे बघितलं आन् मनात म्हणलं, हेच. मला काय कळत न्हाई व्हय, ताई?" त्यांनी घड्याळाकडे बघितलं. "हितं बसून मी त्याला रोज बघतोय. तिथं गेलो आन् तो न्हाईच दिसला, तर मग हितं येऊन काय बघू?"

काकींनी पदर खोचला.

"आवं, तुमी ऱ्हावा घरी," त्या म्हणाल्या. "मी जाते. एवढी वरसं माझ्या घरात एक माणूस ऱ्हातोय आन् मला त्याचा पत्ता न्हाई. मी बघून येते."

सुभेदार बायकोकडे बघत राहिले. चांगला बराच वेळ. मग मला म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तिकिटं."

दोघं जाऊन आले. आल्यावर काकीच आधी भेटल्या. सांगत होत्या, हे नदीच्या पायरीवर बसायचे आणि आपल्या वयाचा जो म्हातारा जाईल त्याच्या तोंडाकडे बघायचे. पहिल्या दुपारी असाच एक म्हातारा थांबला, ह्यांच्याकडे बघितलं आणि शेजारी येऊन बसला. खिशातून भाजलेल्या बिया काढून त्यानं ह्यांच्या हातावर ठेवल्या. काकींनी त्याला आपली चटणी चाखवली. त्याला ठसका नाही, काही नाही, उलट पुडा मागून घेतला. बोलणं शून्य. धुक्यात बोटी येत होत्या, जात होत्या.

मी सुभेदारांना गाठलं. "तोच होता का, काका?"

"न्हाई," ते म्हणाले. "तो उंच व्हता, आन् डावरा. ह्यो बुटका."

"मग वाईट वाटलं असेल."

"वाटलं की. पर ह्यो दुसऱ्या दिशी बी आला." त्यांनी कुणी ऐकत नाही ना ते बघितलं. "आन् तिसऱ्या दिशी पाऊस पडून गेल्ता. आमी पोचायच्या आदी येऊन त्यानं आमच्या दोघांपुरती पायरी पुसून ठिवली व्हती."