पाववाल्याला मिळालेलं प्रोत्साहन

"कुणाला विचारून खांब रोवताय इथं?" पिठाने माखलेल्या हातांनीच पाववाला बाहेर धावला.

बेकरीच्या दारात, त्याच्या टेम्पोच्या अगदी नाकासमोर, मंडप उभा राहत होता.

"मागास भागातल्या उद्योजकाला प्रोत्साहन द्यायला साहेब येतायत," खांब धरलेला माणूस म्हणाला.

"कुठल्या उद्योजकाला?"

"तुम्हालाच की!"

पाववाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुपारच्या आत इस्पितळात पाव पोचवायचे होते. त्या एका ऑर्डरवर त्याची चूल पेटत होती. आधी ती त्याच्या साडूकडे होती. गेल्या वर्षी एकदा साडूचे पाव पोचले नाहीत, आणि इस्पितळाने त्याला उभ्या उभ्या काढून याला धरलं. त्या दिवशी झालं काय, हे साडू कधी बोलला नाही. मेव्हणी मात्र तेव्हापासून या घरचं पाणीसुद्धा पीत नव्हती.

"अहो, भांडत काय बसलाय? दुसरी खेप भट्टीत घाला!" बायको आतून ओरडली.

त्याने खेप घातली आणि साहेबांच्या माणसांनी भोंग्याची वायर त्याच्याच बोर्डात खुपसली. फट्! दिवे गेले, विजेची भट्टी गेली, आतले फुगलेले पाव बसले. त्यांच्याबरोबर पाववालाही मटकन खाली बसला.

प्रोत्साहन कसलं, दिवसाढवळ्या दरोडा हा!

"निदान पहिली खेप तरी जाऊ द्या," तो बाहेर येऊन म्हणाला. "टेम्पो काढतो. तो खांब हलवा."

"खांब हलवला तर मंडप पडेल."

"पडू दे मेला!" बायको गरजली.

मंडप काही पडला नाही. पाववाला हातगाडी आणायला धावला. धापा टाकत परत आला, तर साहेब खुर्चीत बसून तोंड पुसत होते.

"वा, पाव झकास हं तुमचे! सगळ्या पाहुण्यांना चहाबरोबर दिले. स्थानिक मालाला उत्तेजन नको का द्यायला?"

तेवढ्यात इस्पितळाचा फोन आला. बायकोने घेतला, नुसती "हो" म्हणाली आणि ठेवला.

"गेली ऑर्डर," तिने सांगितलं. "ताईच्या घरी. परत."

मग त्याला हाताला धरून मंचावर चढवलं. टाळ्यांत सन्मानचिन्ह दिलं. शिव्या त्याच्या जिभेवर येऊन उभ्या होत्या.

"साहेब, ही कृपा माझ्यावर केली कुणी?"

"तुमच्या साडूंनी! गेल्या वर्षी त्यांच्या बेकरीत असाच कार्यक्रम केला होता आम्ही. ज्याला प्रोत्साहन मिळतं तोच पुढचं नाव सुचवतो, अशी आमची पद्धत. फार भला माणूस हो! नंतर मुद्दाम ऑफिसात येऊन तुमचं नाव देऊन गेले."

पाववाल्याने खाली बायकोकडे पाहिलं. तिने पदर खोचला होता आणि ती जोरजोरात 'हो, हो' अशी मान हलवत होती. आलेल्या शिव्या त्याने गिळल्या, सन्मानचिन्ह काखेत मारलं आणि हात जोडले.

"साहेब, एकाच माणसाला दोनदा प्रोत्साहन देता येतं का हो?"