लेबल नसलेला डबा

रुपाली पावडरचा डबा बाल्कनीच्या उजेडात धरून उभी होती. मागची अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. तिने मोबाईलने फोटो काढला, दोन बोटांनी मोठा केला आणि पहिलाच शब्द वाचला. टाल्क. शेवटचा शब्द होता सुगंध. कसला, ते डब्याने सांगितलं नव्हतं.

"अहो, ही दगडाची भुकटी आहे," ती आत येऊन म्हणाली.

ज्ञानेश्वर सृष्टीला मांडीवर घेऊन खुळखुळा वाजवत होता. "कोणती?"

"आईंनी पारनेरहून आणलेली. टाल्क खाणीतून निघतं. काही खाणींत त्याच्या शेजारीच ॲस्बेस्टॉस सापडतं. ते नसलं तरी एवढी बारीक भुकटी, सात महिन्यांच्या पोरीच्या नाकात गेली, छातीत गेली तर?"

"ग्याना याच पावडरीवर वाढलाय," स्वयंपाकघरातून मनकर्णाबाई म्हणाल्या. "मुठीमुठीनं लावायची मी. काय झालं त्याला?"

रुपालीने नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि उत्तर द्यायचं टाळलं.

खरं तर भांडायची ही वेळ नव्हती. रुपाली ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची आणि येत्या सोमवारी तिची रजा संपत होती. सृष्टीला सांभाळायला मनकर्णाबाई शेती रुपालीच्या दिरावर टाकून शहरात, सावेडीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये येऊन राहिल्या होत्या. त्या गेल्या तर नोकरी गेली, इतकं सरळ गणित होतं. पण सृष्टीच्या मानेच्या वळीत लाल चट्टे उठले होते, आणि डॉक्टर म्हणाले होते, "मान कोरडी ठेवा, पावडरची काही गरज नाही." त्यातलं पावडरचं रुपालीने उचललं, कोरडं ठेवायचं सासूबाईंनी.

"आई, एकच नियम," रुपाली म्हणाली. "पोरीच्या अंगाला जे लागेल, पोटात जे जाईल, त्यात काय काय आहे ते आधी मला विचारायचं. मी वाचून सांगीन."

"मला इंग्रजी वाचता येत न्हाई," मनकर्णाबाई म्हणाल्या, "पन पोरं वाचता येत्यात." एवढं बोलून त्यांनी पिशवी काढली आणि तिच्यात दोन लुगडी घालून ती दाराशी ठेवली. गेल्या नाहीत. पण पिशवीही उचलली नाही. येता-जाता ती रुपालीच्या पायाला लागेल अशी तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई देवळात गेल्या तशी रुपालीने तोडगा काढला. किराणा दुकानातून तिने तवकिरीची पिशवी आणली. उपासाला चालते, बाळांना खीर करून देतात, घटक एकच. ती मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळली आणि पावडरच्या डब्यात भरली. डबा तोच, झाकण तेच, वरचं हसरं बाळही तेच. सासूबाईंनी खुशाल थोपटावी. मन राखलं, पोरही राखलं.

डब्यातली आधीची पावडर ती फेकणारच होती, तेवढ्यात ज्ञानेश्वर ओरडला, "टाकू नको! कॅरमला लागते."

म्हणून ती पावडर तिने एका स्टीलच्या डब्यात भरली आणि डबा स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर ठेवला. त्याच्यावर काही लिहिलं नाही. घाई होती, सृष्टी रडत होती. शिवाय ठेवणारी तीच होती, तिला माहीत होतंच. प्रयोगशाळेतला पहिला नियम 'लेबल नसलेल्या बाटलीला हात लावू नये' असा असून तो ती दरवर्षी दोनशे मुलांकडून पाठ करून घ्यायची, ही गोष्ट तेव्हा तिला आठवली नाही.

चार दिवसांत चट्टे गेले. मान मऊ, गोरी, स्वच्छ. रुपाली रोज आंघोळीनंतर सासूबाईंच्या हातात तो डबा पाहायची आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घ्यायची. पिशवी मात्र दाराशीच होती.

रविवारी संकष्टी आली. दुपारी शेजारचे विष्णुपंत सर उपासाचं निमित्त करून ज्ञानेश्वरशी कॅरम खेळायला आले. हे निवृत्त शिक्षक. हरले की बोर्डाला दोष द्यायचे, जिंकले की शिष्यांच्या गोष्टी सांगायचे. आज मात्र दोघेही बोर्डाला दोष देत होते.

"सोंगटी जागची हलत नाही हो," विष्णुपंत म्हणाले. "स्ट्रायकर चिखलात रुतल्यासारखा जातोय."

"हवा दमट आहे सर," ज्ञानेश्वर म्हणाला आणि त्याने आणखी पावडर टाकली. सोंगट्या आणखीनच बसल्या.

आत मनकर्णाबाई वेगळ्याच अडचणीत होत्या. त्या दिवशी देवळातून आल्यावर कचऱ्याच्या डब्यात त्यांना तवकिरीची रिकामी पिशवी दिसली होती. पिशवी रिकामी म्हणजे तवकीर घरात कुठेतरी ओतली. ओतली म्हणजे डब्यात. आणि फळीवर नवा डबा एकच होता. उघडला तर पांढरी शुभ्र, रेशमासारखी. वास गुलाबाचा. त्याचं त्यांना नवल वाटलं नाही. सावेडीत फरशी पुसायच्या पाण्याला आणि कचऱ्याच्या पिशवीलासुद्धा वास असतो, मग तवकिरीला का नसावा!

त्यांनी दूध तापवलं, साखर घातली, तवकीर घातली. ती दुधावर तरंगायला लागली. त्यांनी घोटली, आणखी दोन चमचे घातली, पुन्हा घोटली. खीर काही घट्ट होईना.

"भेसळीचा जमाना हाय," त्या दुधाच्या पिशवीकडे बघत पुटपुटल्या. शेवटी वेलदोडा टाकून खीर तशीच वाट्यांत ओतली.

विष्णुपंतांनी पहिला घोट घेतला, डोळे मिटले. "वा! गुलाबपाणी घातलंय का वहिनी?"

"न्हाई वो. तवकिरीचाच वास हाय."

"अस्सल माल. हल्ली मिळत नाही."

रुपाली न्हाणीघरातून केस पुसत बाहेर आली ती ओळखीच्या वासाने थबकली. सृष्टीला नुकतीच आंघोळ घातल्याचा वास. पण सृष्टी तर पाळण्यात झोपली होती. वास विष्णुपंतांच्या मिशीतून येत होता.

"आई, खीर कशाची?"

"तूच आनलेल्या तवकिरीची. फळीवरल्या डब्यातली."

रुपाली पाळण्याकडे धावली. "सृष्टीला दिली?"

पाळण्याशेजारच्या स्टुलावर छोटी चांदीची वाटी होती. तिच्यात चमचा होता.

"आई! सृष्टीला दिली का?"

"न्हाई," मनकर्णाबाई म्हणाल्या. "वाटी भरून ठिवली. पन तूच म्हनली हुतीस ना, काय काय हाय ते इचारल्याबिगर पोटात घालायचं न्हाई. तू न्हात हुतीस. म्हनलं, बाहेर येऊ दे."

रुपालीने चांदीची वाटी उचलून घेतली. मग सगळं सांगितलं. टाल्क, गाळणं, डबा, सगळं. विष्णुपंतांनी वाटी हळूच टेबलावर ठेवली. तिच्यात तळाला थोडीच उरली होती.

"म्हणजे मी पावडर प्यालो?"

"सर, एवढ्याने काही नाही होत," ज्ञानेश्वर आपली न शिवलेली वाटी सरकवत म्हणाला, पण त्याने डॉक्टरांना फोन लावला आणि आवाज मोठा करून ठेवला.

"किती गेली पोटात?" डॉक्टरांनी विचारलं.

"एक वाटी," ज्ञानेश्वर म्हणाला.

"दीड," विष्णुपंतांनी दुरुस्ती केली. "चांगली झाली होती."

डॉक्टर म्हणाले, पाणी प्या, मळमळलं, ठसका लागला किंवा पोट दुखलं तर लगेच घेऊन या. "बाळाला नाही ना दिली? मग ठीक. पण मी तर पावडर नकोच म्हणालो होतो. घरात आहे कशाला?"

फोन बंद झाल्यावर रुपाली हळूच म्हणाली, "निदान तवकिरीने चट्टे तरी गेले."

"कंच्या तवकिरीनं?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"तुम्ही रोज लावत होता ती. डब्यातली."

"ती व्हय! त्या डब्याला पयल्या दिवशीच वास न्हवता. म्हनलं, नासली. नासकी पावडर पोरीला कशाला लावू? मी आपली वळ्या-वळ्यांतून मऊ धडप्यानं टिपून घ्यायची, दुसरं काय न्हाई."

"पण डबा तर रोज तुमच्या हातात असायचा!"

"तुला वाईट वाटंल म्हनून धरायची. म्हनलं, पोरगी एवढी वाचून सांगती, आपुन हट्टानं आनलेली पावडर नासकी निघाली, हे कुठं तिला सांगायचं? ग्यानाला दिली ओतून, कॅरमला."

विष्णुपंतांनी बोर्डाकडे पाहिलं, मग वाटीकडे. चाळीस वर्षं मुलांना शिकवलेल्या माणसाच्या आवाजात ते म्हणाले, "एकूण काय, खीर घट्ट होईना, ती खिरीत पावडर पडल्यामुळे. आणि सोंगट्या सरकेनात, त्या बोर्डावर तवकीर पडल्यामुळे." आणि पाण्याचा तिसरा पेला मागितला.

संध्याकाळी मनकर्णाबाईंनी पिशवी दाराशेजारून उचलली. रुपाली लगबगीने पुढे झाली. पण त्यांनी लुगडी काढून कपाटात ठेवली, रिकामी पिशवी झटकली आणि घडी घातली.

"ऱ्हाते मी," त्या म्हणाल्या. "पन माजाबी एकच नियम हाय. घरातल्या समद्या डब्यांवर लिवायचं. मराठीत. मोट्या अक्षरात."

रुपालीने निमूटपणे मार्कर घेतला. मीठ, साखर, रवा, सोडा. सत्तावीस डबे झाले. टाल्क आणि तवकीर, दोन्ही त्यांच्यासमोर कचऱ्यात गेली.

सोमवारी कॉलेजात दोन तास झाले, प्रॅक्टिकल झालं. लेबल नसलेल्या बाटलीचा नियम सांगताना बाईंचा आवाज आज जरा खाली का आला, ते मुलांना कळलं नाही. मधल्या सुट्टीत तिने स्टाफरूममध्ये डबा काढला. झाकणावर चिकटपट्टीने कागद लावला होता. त्यावर पेन्सिलीने, चौथीपर्यंत शिकलेल्या हाताने, एकेक अक्षर कोरून लिहिलं होतं:

मटकी. तेल. मीठ. तिखट. लसून. पावडर न्हाई.