सावल्यांचा ट्रक

झाड आणि त्याची सावली एकाच ट्रकने पाठवत नाहीत.

आधी झाडांचा ट्रक जातो, त्याच्यामागून सावल्यांचा. सोलापूर रस्त्यावरच्या सगळ्या नर्सऱ्यांत हीच पद्धत आहे. नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं, "अहो अक्का, एकत्र का नाही भरत? भाडं तरी वाचेल." त्यांना मी सांगते, भरून बघा. सावलीसकट झाडं भरली की ड्रायव्हरला गार वाटतं, तो गाडी कडेला घेतो आणि झोपतो. मग तुमची झाडं मोहोळपाशी उभी, आणि तुम्ही इकडे फोन लावत बसा.

सावली गोळा करायची ती भर दुपारी. तेव्हा ती लहान असते आणि कोवळी असते. बुंध्याच्या जागेपासून हलक्या हाताने सोडवायची, ओल्या गोणपाटात गुंडाळायची, वरून सुतळी. नव्या गावी उलगडून बुंध्याला लावली की ती तिथल्या सूर्याप्रमाणे लहानमोठी व्हायला शिकते. संध्याकाळची सावली मात्र ताणून जून झालेली असते. ती जशी पडली तशीच कायमची राहते. हे कुठल्या पुस्तकात मिळणार नाही. मला कुणी शिकवलं नाही, मी हात घालून शिकले.

कासारबोरीची जैतूनबी तांबोळी माझ्याकडे एसटीने आली, ती ऐन वैशाखात. काखेत नागवेलीच्या पानांची टोपली, वर ओलं फडकं.

"अक्का म्हंतेत ती तुमीच का?"

"मीच. पानं विकायला आलीस की झाडं घ्यायला?"

"झाडं. बुंधा कसाबी असू द्या, सावली दाट पायजे."

बाई थेट मुद्द्यावर आली म्हणून मी तिला बसायला सांगितलं. कासारबोरीच्या बाजारात जैतूनबीसारख्या बायका रस्त्याच्या कडेला बसून पानं, भाजी, लसूण विकत होत्या. आता बाजार समितीने त्यांना गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये जायला सांगितलं होतं. सूट एकच होती. गुरुवारी बाजाराच्या दिवशी निरीक्षक येणार, आणि जिच्या स्वतःच्या झाडाची सावली जिथे पडलेली दिसेल, ती जागा कायमची तिची.

"शेडात गेलं तर काय बिघडतं?" मी विचारलं.

"पत्र्याखाली पान दुपारपोतर काळं पडतंय, अक्का. आन् तिकडं गिऱ्हाईक येतंय कोन? मसनवाटा हाय पल्याड. मेलेलं मानूस पान खातंय का?"

मी तिला कडुनिंब दिले. चांगले उंच, पिशवीत वाढवलेले, दाट. झाडांचा ट्रक मंगळवारी गेला, बायकांनी खड्डे करून ठेवलेच होते. सावल्या बुधवारी दुपारी काढायच्या, म्हणजे गुरुवारी सकाळी तिथे. हिशोब बरोबर होता. झाडं पुढे गेली तरी सावल्या एक दिवस नर्सरीतच पडून राहतात, आपापल्या जागी फिरत. त्यात काही नाही.

बुधवारी दुपारी आमची मुकादम हौसाबाई गोणपाट घेऊन गेली आणि रिकाम्या हाताने परत आली.

"सावली सुटंना, अक्का."

"नखाने काढ."

"काढू कशाला? हायेच कुठं ती? सगळी बुंध्याच्या जागंत शिरलीया."

मी जाऊन बघितलं. खरंच होतं. वैशाखात एक दिवस असा येतो की सूर्य बरोबर डोक्यावर उभा राहतो आणि सावली आत शिरून बसते. तो दिवस नेमका बुधवारी आला होता.

"उद्या काढू," मी म्हणाले.

"उद्या तिथं लावायची हाय. उद्या काढून काय मुरंबा घालता?"

हौसाबाईला माझी भीती नाही, म्हणूनच तिला मुकादम केलंय. नसलेल्या सावलीपेक्षा जून सावली बरी, असं आम्ही दोघींनी ठरवलं आणि दिवस कलल्यावर सावल्या काढल्या. दाट आहे का बघितलं, फाटली नाही ना बघितलं. ती कुठल्या बाजूला पडलीय, हे मात्र दोघींनीही बघितलं नाही. नर्सरीत चहूकडे झाडंच असतात. सावली कुठेही पडली तरी दुसऱ्या झाडावरच पडते, त्यामुळे नर्सरीवाल्याला बाजू बघायची सवयच नसते.

सावल्या इतक्या लांब झाल्या होत्या की ट्रकच्या मागे बाहेर आल्या. टोकांना लाल फडकं बांधलं. मी स्वतः ड्रायव्हरशेजारी बसले. नाक्यावर पोलिसाने अडवलं, मागे जाऊन हात लावून बघितलं आणि म्हणाला, "कडुनिंबाची दिसते. जाऊ द्या, पण हळू चालवा, रस्त्याला घासतेय."

गुरुवारी सकाळी सगळ्याजणींनी मिळून सावल्या उलगडल्या आणि बुंध्यांना बांधल्या. त्या सरळ रस्ता ओलांडून पूर्वेला गेल्या आणि समोरच्या वट्टमवार शेठच्या कापडदुकानात शिरल्या. पायऱ्या, ओटा, कापडाचे गठ्ठे, शेठची गादी, सगळं गार. अलीकडे झाडांखाली बायका रखरखीत उन्हात.

दुपार झाली. सूर्य डोक्यावर आला, सावल्या हलल्या नाहीत.

जैतूनबीने पानांवरचं फडकं पुन्हा भिजवलं. "वा गं अक्का! झाडं माझी, आन् सावली शेठची?"

"जरा दम धर."

"मी धरते. पानाला सांगा धरायला."

मला राग आला, पण तिच्यावर नाही. शेठ गादीवरून हात जोडून म्हणाले, "अक्का, फार उपकार झाले. पंखा बंद केला बघा." ते मनापासून म्हणत होते, हे जास्त लागलं.

तेवढ्यात बाजार निरीक्षक लोखंडे आले. टेप घेऊन. त्यांनी आधी बुंध्याखाली बघितलं.

"इथे सावली नाही."

"नाही," मी म्हणाले. "सावली तिकडे आहे. झाड यांचं, बांधलेली मी. सुतळी बघून घ्या."

त्यांनी सुतळी बघितली, गाठ ओढून बघितली. मग सावलीच्या कडेकडेने टेप टाकत रस्ता ओलांडला. मागून मी, माझ्यामागून जैतूनबी, तिच्यामागून बाकीच्या आपापल्या टोपल्या घेऊन. जीप येत होती, ती थांबली.

"नियमात बाजू दिलेली नाही," लोखंडे पायरीवर चढत म्हणाले. "सावली पडेल तिथे, एवढंच आहे. बसा."

जैतूनबी पहिल्या पायरीवर टेकली. लसूणवाली तिच्या वर. भाजीवाल्या ओट्यावर.

"अहो साहेब, या पायऱ्या माझ्या आहेत!" शेठ म्हणाले.

"पायऱ्या तुमच्याच. सावली त्यांची. बसणं सावलीत आहे."

"मग काढा म्हणावं सावली."

"लावलेली निघत नाही," मी सांगितलं. "ओढली तर झाड मरतं."

"झाड मारता येणार नाही," लोखंडे म्हणाले. टेप अजून संपली नव्हती. ते ती धरून आत गेले, काउंटर ओलांडला आणि गादीपाशी थांबले. शेठच्या लोडापर्यंत सावली पोचली होती. लोखंड्यांनी टेपचं टोक लोडाला टेकवलं.

"शेठ, तुम्हीही सावलीतच बसलाय."

"मी इथे तीस वर्षं बसतोय."

"उन्हात बसला असाल. आता या बायकांच्या सावलीत बसलाय. तुम्हाला यांची संमती लागेल."

शेठनी गिऱ्हाइकाकडे बघितलं, ते लुगडं हातात धरून उभं होतं. मग शेठ पायरीकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "काय जैतूनबी, बसू का?"

जैतूनबीने टोपलीतलं एक पान काढलं, उलटंसुलटं करून बघितलं. हिरवं होतं. मग ती टोपली उचलून आत आली आणि तिने ती गादीच्या कडेला ठेवली. सावली तिथे सगळ्यात दाट होती.

"बसा की," ती म्हणाली. "जरा तिकडं सरका, पानाला वारा लागू द्या."

शेठ सरकले.