नारायणरावांची चोरघंटा

गल्लीत पंधरा दिवसांत तिसरी चोरी झाली, तीही भर दुपारी, तेव्हा नारायणराव धारूरकरांनी ठरवलं की आता घराचा बंदोबस्त करायचाच.

कोर्टात नकला करून वीस वर्षं काढलेला हा माणूस. दोन्ही बाजू तपासल्याशिवाय तो कशावर सही करत नसे. कुत्रं पाळावं, तर ते बायकोच्या, म्हणजे गोदावरीबाईंच्या, सोवळ्याला शिवणार. दारवान ठेवावा, तर तो दुपारी झोपणार. सोलापूरच्या उन्हात दुपारी जागा राहणारा माणूस एकच, तो म्हणजे चोर.

"दाराला कडी लावली तर?" गोदावरीबाईंनी विचारलं.

"उकडतं म्हणून दार सताड उघडं कोण ठेवतं?"

गोदावरीबाई पदरानं वारा घेऊ लागल्या. आणि नारायणरावांनी होटगीहून बिरप्पाला बोलावणं धाडलं.

बिरप्पाची सारी हयात रेल्वेच्या तारा ओढण्यात गेली होती. गल्लीत अजून वीज नव्हती, पण त्यानं दोन काचेच्या बरण्या आणल्या, त्यांत नवसागराचं पाणी भरलं, जस्ताच्या कांड्या सोडल्या आणि तारा माजघरातल्या पितळी घंटेला जोडल्या. उंबऱ्याच्या आत एक फळी बसवली. फळीखाली पत्र्याच्या पट्ट्या.

"सायब, फळीवर पाय पडला की घंटा लागली बोंबलायला!"

"चोराचा पाय ना?" गोदावरीबाईंनी खात्री करून घेतली.

"कुनाचाबी पाय, बाई. घंटेला काय वळख असतीय व्हय?"

पहिल्याच दिवशी घंटेनं दूधवाल्याला धरलं. त्यानं दचकून चरवी सोडली. मग घंटा भाजीवालीवर वाजली, मांजरावर वाजली, कोर्टातून दमून आलेल्या नारायणरावांवर वाजली. प्रत्येक वेळी शेजारच्या शिवबाई मुसळ घेऊन धावत यायच्या.

"चोर कुटं हाय?"

"चोर नाही हो, आमचेच हे आलेत."

"मग वाजतीया कशाला?"

दोन दिवसांत घरचे लोक फळीवरून उडी मारायला शिकले. सरोजिनी, त्यांची एकोणीस वर्षांची मुलगी, हरिणीसारखी पार व्हायची. गोदावरीबाई पाण्याची कळशी घेऊन उडी मारताना एकदा पडल्या, आणि पडल्या त्या फळीवरच. नारायणरावांच्या कमरेत उसण भरली. आल्यागेल्याला मात्र उडीचं ठाऊक नव्हतं, त्यामुळे घंटा वाजतच राहिली.

आठवड्यानं शिवबाईंचं मुसळ यायचं थांबलं. समोरच्या तेलघाण्याचे चनमल्लप्पा, ज्यांच्या एका दंडात नारायणराव मावले असते, तेही घंटा ऐकून कूस बदलू लागले. नारायणराव संतापले. घंटा वाजून कुणी येणारच नसेल, तर ती बसवलीच कशाला? ते दोघांकडे जाऊन बसले.

"तुम्ही यायलाच पाहिजे. गल्लीचा धर्म आहे हा."

"येतू की," चनमल्लप्पा म्हणाले. "पर सोडायचा न्हाय ना मग?"

"मुळीच नाही. दिसला की धरायचा."

हे वचन घेतलं शुक्रवारी. रविवारी दुपारी सरोजिनीला बघायला मोडनिंबची मंडळी यायची होती: पेन्शनर पोस्टमास्तर दिगंबरपंत आणि त्यांचा मास्तर मुलगा मुकुंद. आधीची दोन स्थळं परत गेलेली. एकाला मुलगी फार शिकलेली वाटली, दुसऱ्याला फार बोलकी. गोदावरीबाई रात्ररात्र झोपत नव्हत्या.

"पाहुण्यांना काय उड्या मारायला लावणार?" त्या म्हणाल्या. "तार तोडा ती."

"बिरप्पाशिवाय हात लावायचा नाही. मी करतो व्यवस्था."

व्यवस्था म्हणजे फळीवर जेवणाचा पाट आडवा टाकला. सरोजिनी म्हणाली, "बाबा, पाटाचा पाय फळीवर येतोय." तिला आत जाऊन केस विंचरायला सांगण्यात आलं.

दिगंबरपंत देहानं भारदस्त होते. त्यांनी पाटावर पाऊल टाकलं, पाट कलला, पाटाचा पाय फळीच्या फटीत रुतला आणि घंटा सुरू झाली. ती थांबेचना. पंत घाबरून मागे सरकले, तर मागून चनमल्लप्पांनी त्यांना कवेत उचललं.

"गावला! शिवबाई, हान!"

"अहो, ते पाहुणे आहेत!" नारायणराव ओरडले, पण घंटेपुढे त्यांचा आवाज कुणाला ऐकू जाणार? शिवबाईंनी मुसळ उगारलं. मुकुंद मध्ये पडला, ते मुसळ त्याच्या टोपीवरून गेलं. नारायणराव पाट उपटायला गेले आणि उसणीनं तिथंच वाकून राहिले. पंतांचं उपरणं एकीकडे, नारळ दुसरीकडे.

एवढ्यात घंटा एकदम थांबली. माजघराच्या दारात सरोजिनी उभी होती. हातात जस्ताची कांडी, नव्या लुगड्यावर नवसागराचं पाणी.

चनमल्लप्पांनी पंतांना अलगद खाली ठेवलं. "सरळ माणूस दिसतुय," ते पुटपुटले. तेवढ्यात शेजारून शिवबाईंची किंकाळी आली. त्या घरी परतल्या होत्या.

"माजं घंगाळ गेलं वो! हितं मी घंटा राखाय आले, अन् तितं चोरानं घर धुतलं!"

चनमल्लप्पा धावले. पाठोपाठ, यजमानाचं कर्तव्य विसरून, वाकलेल्या कमरेनं नारायणरावही धावले. कारण शिवबाई त्यांच्याच नावानं बोटं मोडत होत्या. चोर सापडला नाही. भर उन्हात तीन गल्ल्या पालथ्या घालून, शिवबाईंच्या शिव्या खाऊन तासाभरानं ते घरी परतले. पाहुणे निघून गेले असणार, हे ते धरूनच चालले होते. आता तिसरं स्थळही गेलं. पोरीला काय तोंड दाखवायचं?

पाहुणे पोहे खात होते.

"या," दिगंबरपंत म्हणाले. "मुलीला एकच प्रश्न विचारला मी. तार तोडायची सोडून कांडी का काढलीस? म्हणाली, तार तोडली तर उद्या पुन्हा जोडावी लागेल, कांडी नुसती बुडवली की झालं. तीस वर्षं तारऑफिस सांभाळलं मी, इतकं शहाणं उत्तर ऐकलं नाही."

"आणि मुलाला?" नारायणरावांनी विचारलं.

"त्याला तिनंच विचारलं," गोदावरीबाई म्हणाल्या. "मुसळ येताना मध्ये कशाला पडलात म्हणून. आणि दोघं हसले. तिथी पण काढली आम्ही."

नारायणराव कंबर धरून पाटावर टेकले. तीन वर्षं त्यांनी किती पत्रं लिहिली, किती पत्रिका जुळवल्या, किती चपला झिजवल्या!

"मला न विचारता?"

गोदावरीबाईंनी त्यांच्यापुढे पोह्यांची बशी सरकवली.

"तुम्ही नव्हतात," त्या हळूच म्हणाल्या, "म्हणून तर जमलं."